एकाच घरातले दोन उच्चांक

१/ ओरिकॉन ही जपानमधील ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीची क्रमवारी. १९७० साली तिच्या अल्बमांच्या यादीत एकच आवाज सलग ३७ आठवडे अग्रस्थानी राहिला. तो फुजी केइको यांचा. त्यांच्या पहिल्या अल्बमला खाली खेचले, तेही त्यांच्याच दुसऱ्या अल्बमने! वडील रोक्योकू गाणारे, अंध आई शामिसेन वाजवणारी. लहानपणी त्यांच्यासोबत फिरत गाणाऱ्या मुलीचा हा घोगरा, दुखरा आवाज ‘एन्का’ शैलीला शोभणाराच होता.

२/ १९७९ मध्ये निवृत्ती जाहीर करून त्यांनी अमेरिका गाठली. तिथेच, न्यूयॉर्कमध्ये, १९८३ साली उतादा हिकारू यांचा जन्म झाला.

३/ १० मार्च १९९९. अवघ्या सोळाव्या वर्षी उतादा यांचा ‘फर्स्ट लव्ह’ आला. त्यात एन्काचा मागमूस नव्हता. ठेका अमेरिकी आर अँड बीचा होता. ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या. जपानमध्ये त्याहून अधिक खपलेला अल्बम आजही नाही.

४/ २८ मार्च २००१ रोजी उतादा यांचा ‘डिस्टन्स’ आणि हामासाकी आयुमी यांचा ‘अ बेस्ट’ एकाच दिवशी बाजारात उतरले. माध्यमांनी त्याला युद्धाचे रूप दिले. पहिल्याच आठवड्यात ‘डिस्टन्स’च्या सुमारे ३० लाख, तर ‘अ बेस्ट’च्या २८ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. असे युद्ध कोणत्या कंपनीला नको असेल?

५/ २०१० मध्ये उतादा यांनी विराम जाहीर केला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत फुजी केइको यांचे निधन झाले. २०१६ चा ‘फँटोम’ आईला अर्पण केलेला आहे. आईने ४६ वर्षांपूर्वी गाजवलेल्या त्याच यादीत तोही पहिला आला.