टायम किती असा?

शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या, सकाळी कुडाळ, तिथून थेट तारकर्ली. स्कूबा, सुरमईची थाळी, बीचवर फोटो आणि सोमवारी पुन्हा ऑफिस. आमच्या चौघांच्या प्लॅनमध्ये पिंगुळी नव्हतंच. पण कुडाळला टॅक्सीत बसल्यावर आमच्यातल्या एकीने हट्टच धरला, ‘इथे जवळच आहे, डोकावून तरी जाऊ.’

खरंच जवळ आहे. कुडाळपासून जेमतेम काही किलोमीटर. इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी ही कला सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने वाढली. गावातल्या परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्या गोठ्याचं आता म्युझियम झालंय, ठाकर आदिवासी कला अंगण. जुनी चित्रं, कळसूत्री बाहुल्या, दिव्यासमोर सावल्या पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या... दहा मिनिटांत आमचे फोटो काढून झालेसुद्धा!

मग वस्तीतल्याच एका अंगणात कथा ऐकायला बसलो. सांगणाऱ्या काकांनी आधी एकच विचारलं, ‘टायम किती असा तुमच्याकडे?’

‘वीसेक मिनिटं.’

काका हसले. चित्रांच्या एका गठ्ठ्याला पोथी म्हणतात आणि एका पोथीत एकच आख्यान. तीस-चाळीस चित्रं सहज असतात. ती रंगवून सांगायची तर रात्र जाते. देवळात लोक तशी बसायचेही. आम्ही मागितली वीस मिनिटं, तीसुद्धा घड्याळ बघत.

त्यांनी सीताहरण काढलं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. चित्राचं तोंड आपल्याकडे, त्यामुळे सांगणाऱ्याला सगळं पाठ हवं. साथीला टाळ आणि हुडूक, म्हणजे डमरूसारखं छोटंसं वाद्य. थोडं गाणं, थोडं बोलणं, पुन्हा गाणं. चित्रातली माणसं बहुतेक एका बाजूने दिसणारी, डोळे हे एवढे मोठे. भिंतीवर ती गप्प होती. इथे मात्र काकांचा आवाज चढला आणि तोच मोठा डोळा रावणाचा झाला, पुढच्या पानावर सीतेचा. हुडूक घुमायला लागलं तशी अंगणातली कोंबडीसुद्धा बाजूला झाली. (खोटं नाही सांगत!) आमचा रेकॉर्डिंगवाला मित्र कधी मोबाइल मांडीवर ठेवून बसला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

सीतेला घेऊन रावण निघाला, जटायू आडवा आला, आणि काका थांबले.

‘झालो तुमचो टायम.’

मागे निम्म्याहून जास्त गठ्ठा तसाच होता. ‘पुढे काय’ हे सगळ्यांना माहीत होतं, अगदी टीव्हीवर पाहिलेलं. तरी कुणी उठेना. पण गेटबाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला, स्कूबाचा ॲडव्हान्स भरलेला होता. उठलो.

टॅक्सीत मात्र एक वाईट गोष्ट झाली. काकांनी रक्कम आमच्यावरच सोडली होती. आपण दिले ते बरोबर होते की जरा जास्तच झाले, यावर आम्ही चौघांनी मालवण येईपर्यंत चर्चा केली. स्कूबावाल्याने माणशी जो आकडा सांगितला, तो मात्र निमूट दिला. त्या दिवशी पाणी गढूळ होतं. हाताएवढा एक मासा दिसला.

तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करून जा, म्हणजे साथीदार जमवता येतात. पैशांचं आधीच बोलून घ्या आणि घासाघीस करू नका. परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची ठेवा. संध्याकाळी बाहुल्यांचा खेळही बघता येईल.

मी दिवाळीनंतरची रजा टाकलीय. बॉसने कारण विचारलं, तर सांगितलं, रामायण अर्धवट राहिलंय.