शेवाळ आणि पोवळे

मराठी वाचकाला पोवळे भेटते ते ओठांच्या उपमेत, नाही तर मंगळाच्या अंगठीत. शेवाळ भेटते ते निसरड्या पायरीवर, पडक्या विहिरीत किंवा ‘शेवाळलेले मन’ अशा प्रयोगात. एक शब्द अलंकाराचा, दुसरा अवकळेचा. शाकुंतलात दुष्यंताला शेवाळाने वेढलेले कमळ रम्य वाटते खरे; पण तिथेही सौंदर्य कमळाचे, शेवाळ हा केवळ त्याला झाकू न शकलेला मळ. भाषेने या दोन शब्दांमध्ये राखलेले हे अंतर निसर्ग मात्र मानत नाही. ते मी पाहिले एका काचेच्या टाकीत.

ही टाकी माझ्या थोरल्या भावाची. न्यू जर्सीतील एडिसन येथे त्याच्या घराच्या तळघरात ती आहे, आणि २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत महिनाभर मला तिचा सहवास घडला. साडेतीनशे लिटर पाणी, दर हजार भागांत पस्तीस भाग क्षार, तापमान २५ अंश, वर निळसर दिवे आणि खडकांवर चिकटवलेली जिवंत पोवळी. ती समुद्रातून उपटून आणलेली नव्हती. पाळलेल्या पोवळ्यांचे तुकडे तोडून वाढवलेली होती. आपल्याकडे हा छंद करता येत नाही. रीफ बांधणारी सारी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसली आहेत.

दादाने ही टाकी निवृत्तीनंतर उभारली. आमचे घर मालवणचे. त्याचा समुद्र सुटला त्याला तीस वर्षे होऊन गेली. त्यामुळे टाकीत काही बिघडले की घरात कुणी आजारी असावे तसा तो रात्री दोनदा उठून खाली जाऊन येई.

त्या वर्षी खडकांवर केसाळ हिरवे शेवाळ माजले होते. कारण साधे असते. माशांना घातलेले अन्न कुजते, त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात; अन्नातूनच फॉस्फेटही येते. वर दिवसाचे दहा तास प्रकाश. शेवाळाला आणखी काय हवे? दादा जन्मभर केमिकल इंजिनिअर. अशुद्धी दिसली की ती काढायची, हा त्याचा धर्म. त्याने माशांचे खाणे निम्म्यावर आणले. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे बसवले, फेसाबरोबर मळ उचलणारा स्किमर रात्रंदिवस चालवला, टूथब्रशने खडक घासले, शेवाळ चरणाऱ्या गोगलगायी सोडल्या. मी पोहोचलो त्या आठवड्यात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले होते. हिरवे सारे गेले होते. पाणी इतके नितळ, की टाकीत पाणी आहे हे मासे हलले तरच कळावे.

आणि त्या नितळ पाण्यात पोवळी फिकट पडू लागली. दुसऱ्या आठवड्यात खडकांवर तपकिरी, शेंबडासारखे तंतू लोंबू लागले. त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले. गोगलगायी उलट्या होऊन तळाशी पडल्या. दादाने थेंबभर तपकिरी पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि मला बोलावले. तिळाच्या आकाराच्या शेकडो पेशी एका टोकावर गिरक्या घेत होत्या. हे डायनोफ्लॅजेलेट, यांच्या काही जाती विषारी असतात आणि त्या खाणाऱ्या गोगलगायी मरतात. स्पर्धा करणारे हिरवे शेवाळ आणि जिवाणू उपाशी मेले की मोकळ्या रानात हे माजतात.

पण खरी गोष्ट पुढेच होती. पोवळ्याच्या मांसल पेशींच्या आतही एकपेशीय शेवाळच राहते, आणि तेही डायनोफ्लॅजेलेट याच गटातले. रीफमधल्या पोवळ्यांचे तपकिरी, हिरवट रंग बरेचसे त्याचेच. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि पोवळ्याच्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा पुरवते. बदल्यात पोवळे त्याला आसरा आणि आपल्या उत्सर्गातील नायट्रोजन देते. बाहेर जे रोग म्हणून माजते, त्याचेच भाऊबंद आत श्वासासारखे नांदतात. पाणी शून्यावर नेले की उपासमार दोघांची होते, आणि आतले आधी खंगते. २०१३ मध्ये वीडेनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की नायट्रोजन मिळत असताना फॉस्फेट तुटले तर पोवळ्यांची उष्णता आणि प्रकाश सोसण्याची शक्ती घटते.

उपाय उलट दिशेचा होता. तीन दिवस दिवे बंद, पाण्याच्या वाटेवर अतिनील दिवा, लोहाचे दाणे बाहेर, माशांना पोटभर खाणे आणि रोज मोजून थेंबथेंब नायट्रेट व फॉस्फेट. लक्ष्य ठरले नायट्रेट दशलक्षात पाच भाग, फॉस्फेट पाच शतांश भाग. दादा थेंब मोजता मोजता म्हणाला, “अरे, जन्मभर अशुद्धी काढण्याचा पगार घेतला. आता तीच बाटलीतून विकत आणतोय.”

भाषेच्या शिक्षकाला इथे भाषाशुद्धी आठवणे अपरिहार्य आहे. राजव्यवहारकोशापासून सावरकरांपर्यंत मराठीचे पाणी गाळण्याचे प्रयत्न झाले, ‘महापौर’सारखे उत्तम शब्द त्यातून मिळाले, तरी कागद, शाई, दप्तर हे फारसीतून आलेले सोबती आत राहिलेच. उपमा याहून ताणू नये. भाषा शब्दांवाचून फिकी पडते, मरत नाही, पोवळे मरते.

ते कसे, हे मालवणच्या माणसाला वेगळे सांगायला नको. कोकणातल्या कित्येक घरांच्या काचकपाटांत पांढरीशुभ्र पोवळी शोभेला ठेवलेली असत, आणि पांढरा हाच त्यांचा रंग असे सारे धरून चालत. तो सांगाड्याचा रंग. समुद्र फार तापला की आतल्या शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण बिघडते, त्यातून घातक ऑक्सिजन-संयुगे निर्माण होतात आणि पोवळे त्या सोबत्याला बाहेर टाकते. मग पारदर्शक कातडीतून खालचा चुना दिसू लागतो. पाणी वेळेत निवले तर शेवाळ परतते; न निवले तर पोवळे उपाशी मरते. एप्रिल २०२४ मध्ये अशा विरंजनाची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही पोवळी आहेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. अभयारण्याची सीमा होड्यांना आणि जाळ्यांना अडवू शकते. तापलेल्या पाण्याला ती अडवत नाही, आणि तळघरातल्यासारखे तिथे तापमानाचे बटण नाही.

दादाच्या टाकीत रंग परतायला चार महिने लागले. दोन पोवळी गेली. आता तो समोरची काच तेवढी पुसतो. मागच्या काचेवर हिरवे शेवाळ आहे, मासे ते चरतात, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना ती बाजू अस्वच्छ वाटते.