चौसाळ्याचे सहबिऱ्हाडकरू

मुंबईकराच्या घरातली जंगली जनावरे तीनच: झुरळ, पाल आणि उंदीर. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या मला याहून बडे सहबिऱ्हाडकरू भेटले ते वयाच्या एकविसाव्या वर्षी, बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यात.

१९७३ चा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पावसाने महाराष्ट्राकडे पाठ फिरवली होती आणि त्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत नि माती वाहत होती. आम्ही कॉलेजातली काही मुले स्वयंसेवक म्हणून निघालो. सोलापूरपर्यंत आगगाडी, पुढे एस. टी. तुळजापूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), येरमाळा अशी गावे मागे टाकीत, बालाघाटच्या उघड्या माळांवरून धुरळा उडवीत गाडी चौसाळ्याला थांबली, तेव्हा परदेशात उतरल्यासारखे वाटले. भाषा मराठीच; पण माझ्या 'पाणी' या शब्दाचा अर्थ नळाशी संपत होता, तिथल्या माणसांचा कोसभर चालल्यावर सुरू होत होता.

माझी राहण्याची सोय एका आजीबाईंच्या घरी झाली. दगडामातीच्या हातभर रुंद भिंती, वर माळवद. बाहेर ऊन रटरटत असले तरी आत गारवा. हा गारवा केवळ मलाच आवडतो असे नाही, हे पहिल्याच रात्री कळले. कंदिलाच्या उजेडात भिंतीच्या कडेने काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचे काहीतरी सरकताना दिसले आणि मी चाळीच्या चारी मजल्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "साप!"

आजी शांतपणे आल्या. "लेकरा, रातीचं नाव घेऊ नये. लांबडं म्हणावं. कवड्या हाय तो. पालीमागं येतो नि जातो."

माझा विश्वास बसेना. माझ्या आरडाओरड्याने शेजारचा गडी काठी घेऊन धावला आणि त्याने काम उरकले. आजी मेलेल्या जिवाकडे बघत एवढेच म्हणाल्या, "त्यानं काय वाकडं केलं हुतं तुझं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. उजाडताच मी तटबंदीचा बेत केला. उंबऱ्याशेजारी भिंतीच्या पायथ्याला एक बीळ होते. कामावरून दोन पाट्या दगड आणून मी त्याच्यावर रचले. आजी म्हणाल्या, "दगडाचा ढीग दाराशी नगं रं." मी हसलो. शिकलेला ना मी!

आठवड्याने संध्याकाळी वळवाचा शिडकावा झाला. आजींची पाच-सहा वर्षांची नात त्या ढिगापाशी खेळत होती. एकदम किंकाळी आली. दगडाखालून निघालेला विंचू मी पाहिला: लालसर, करंगळीहून मोठा नाही. जमलेल्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. काळी, दांडगी इंगळी असती तर भ्यायचे. हा तर लहानगा! कोणी मंत्र घातला, कोणी कांदा चोळला. पण तासाभरात पोर घामाने निथळली. ओकाऱ्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, श्वास घरघरू लागला. कामावरचा ट्रक मिळाला आणि आम्ही मांजरसुंब्यावरून बीडकडे निघालो. त्या वाटेवर आजींनी नातीला छातीशी धरले होते. मी समोर बसून माझ्या हातांकडे पाहत होतो.

डॉक्टरांनी हाती होते ते सारे केले. यावर नेमके औषध तेव्हा नव्हतेच. रात्र जाऊ द्या, म्हणाले. रात्र गेली. तिसऱ्या दिवशी पोरीने सुकडी मागितली, आणि आजी पहिल्यांदा रडल्या. दगडांविषयी त्या मला चकार शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. परतल्यावर मी काठीने एकेक दगड उचकटून ढीग रस्त्यापार नेला. त्याच्याखाली आणखी तीन विंचू होते.

पुढे मी वाचत गेलो तेव्हा माझे अज्ञान केवढे होते ते समजले. मी मारविलेला कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीने असतात, डोक्यामागे थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट दिसतात. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोटात दुखते, पापण्या जडावतात आणि मग श्वास अडतो. म्हणून खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हीच तिच्यावरची खरी तटबंदी.

आणि तो लाल विंचू! त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. याच मराठवाड्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडच्या बाजूला असे रोगी रात्र-रात्र उशाशी बसून अभ्यासले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी वापरले, आणि १९८६ साली तो अनुभव 'लॅन्सेट' या नियतकालिकात जगापुढे मांडला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती बातमी वाचताना मला घरघरणारा तो लहानसा श्वास ऐकू आला.

सापांचे दुःख मात्र अजून सरलेले नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. पान लागले की मंत्र नको, चिरा नको, करकचून बांधणे नको. अवयव हलू न देता तडक दवाखाना गाठावा. प्रतिविषाची सुई तिथेच मिळते.

चौसाळ्यावरून आता चौपदरी महामार्ग जातो. आजींना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. मी मुंबईत सातव्या मजल्यावर राहतो, तरी रोज सकाळी बूट उलटा करून झटकतो. नातवंडे खो-खो हसतात. "आजोबा, लिफ्टने विंचू येतो का हो?"

मी त्यांना हसू देतो. गेल्या महिन्यात धाकट्या नातवाने कुंडीभोवती मांडायला बागेतून दगड आणले. मी ते दाराशी ठेवू दिले नाहीत. का, ते त्याने विचारले. तेव्हा पहिल्यांदाच मी ही हकीकत घरात सगळी सांगितली.