वेग आणि वेसण

वेगाची आवड कोणाला नाहीं? पाळण्यांतलें मूल झोका जोराचा दिला कीं अधिक हंसतें. शाळा सुटतांच आम्ही विद्यार्थी कांहीं कारण नसतांहि धांवत सुटतों. आणि आम्हांस 'हळू जा' असें नित्य बजावणारी वडील मंडळी आगगाडी दहा मिनिटें उशिरां सुटली कीं सर्वांआधीं कुरकुरूं लागते. यंदा आमच्या वर्गांत ह्या आवडीनें एक नवें रूप घेतलें होतें. भरधांव मोटार मुद्दाम आडवी घसरवीत वळण घेण्याची एक विद्या परदेशीं 'ड्रिफ्टिंग' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. तिचीं चलच्चित्रें मोबाइलवर पाहण्याचें वेड आमच्यांत असें पसरलें कीं मधल्या सुट्टींत दुसरा विषय निघेना. एखाद्या नव्या धांवपट्टीवर शनिवार-रविवार बसून हा खेळ डोळ्यांनीं पाहावा, अशी प्रत्येकाची इच्छा. पण चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या आमच्या अरण्यमय जिल्ह्यांत तशी पट्टी कोठली मिळणार? येथल्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक धांवतात, ताडोब्याकडे पाहुण्यांच्या जिप्सी धांवतात, आणि मधूनच एखादें रानडुकर आडवें जातें.

आमचा हिरमोड पाहून विज्ञानाचे आमचे गुरुजी म्हणाले, "नवी पट्टी पाहावयाची आहे ना? मी दाखवितों. मात्र तिच्यावर इंजिन नसेल." आमच्या एका सोबत्याच्या मामांचें गांव गडचिरोली जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं आहे. तेथें नव्यानेंच तयार केलेल्या पट्टीवर शंकरपट भरणार होता. वडिलांच्या परवानग्या मिळाल्या आणि जानेवारीच्या एका शनिवारीं आम्ही पांच विद्यार्थी गुरुजींसह चांदाफोर्ट स्टेशनावरून गोंदियाच्या गाडींत बसलों. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हीं स्टेशनें मागें पडलीं. वैनगंगेचा पूल ओलांडून गाडी वडशास पोहोंचली आणि तेथून मामाजींच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत बसून आम्ही गांवांत शिरलों.

शहरांतील वाचकांसाठीं शंकरपटाची थोडी माहिती देणें योग्य होईल. पश्चिम महाराष्ट्रांत बैलगाडा-शर्यत म्हणतात, तिचाच हा आमच्या वैदर्भीय घरचा भाऊ. पूर्व विदर्भाचा हा भाग भाताचा. धानाचें पीक कापून मळणी झाली कीं बैलांना थोडा विसांवा मिळतो, शेतकऱ्यांच्या हातीं चार पैसे येतात, आणि मग गांवोगांव पट भरूं लागतात. ह्या गांवानें यंदा नदीकडील बांध्या एकत्र करून पट्टी केली होती. मधले धुरे मोडले, धानाचीं धसकटें काढलीं, माती सारखी करून तिच्यावर पाणी शिंपडलें, आणि शेजारीं शेजारीं दोन सरळ वाटा आंखल्या. शेवटीं जेथें बैल थांबावयाचे, तेथली जमीन मात्र भुसभुशीत ठेविली होती. "दौडाची जागा टणक पायजे, थांबाची मऊ पायजे जी," असें मामाजींनीं समजाविलें.

मामाजींची स्वतःची एक जोडी पटांत उतरणार होती. एक बैल पांढरा, दुसरा किंचित् करड्या रंगाचा. आम्ही गेलों तेव्हां ते दोघांच्या अंगावरून हात फिरवीत गोठ्यांत उभे होते. त्यांनीं एक गोष्ट सांगितली, ती आम्हांपैकीं कोणालाहि ठाऊक नव्हती. हा खेळ कित्येक वर्षें बंद होता. 2011 सालीं केंद्र सरकारनें खेळ-तमाशांत वापरावयास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादींत बैलाचें नांव घातलें, आणि 7 मे 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यतींस मनाई केली. 2017 सालीं महाराष्ट्रानें कायद्यांत दुरुस्ती केली. तरीहि प्रकरण न्यायालयांत अडकून राहिलें. 16 डिसेंबर 2021 रोजीं शर्यतींस सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. त्या बंदीच्या काळांत मामाजींनीं आपली जुनी जोडी विकली होती. "बंदी आली तं वाईट वाटलं," ते म्हणाले, "पण खोटं काहून बोलू? त्या वक्ती लोक बैलाले लई मारत होते जी. तुतारी टोचत. कोर्ट उगाच नाई बोललं." ज्याचा खेळ बंद झाला, त्याच्याच तोंडून बंदीचें कारण ऐकून आम्ही चकित झालों.

आतां पटास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यांकडून बैलांची तपासणी होते, धांव एक हजार मीटरांहून लांब ठेवतां येत नाहीं, आणि काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारें साधन वापरणें हा गुन्हा ठरतो. ह्या गांवची पट्टी त्या मर्यादेहून पुष्कळच आंखूड होती.

दुपारीं पट सुरू झाला. जोडी सुटण्यापूर्वीं क्षणभर सारें मैदान चिडीचूप झालें. मग धुरकऱ्यानें एक हाळी दिली, आणि हलका छकडा मागें फरफटतो आहे कीं हवेंत उडतो आहे हें कळण्याआधींच बैल आमच्यासमोरून निघून गेले. आमच्या पायांखालची जमीन थरथरली. एवढें जवळून धांवणारें जनावर आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. त्याच्या नाकपुड्यांचा आवाज येतो, खुरांनीं उडालेली माती तोंडावर येते, आणि जो आनंद होतो त्यांत थोडी भीतीहि मिसळलेली असते.

चौथी कीं पांचवी जोडी सुटली तेव्हां एक मौज झाली. पट्टीच्या अखेरीस बैल एकाएकीं डावीकडे वळले. छकडा त्यांच्यामागें सरळ न वळतां आडवा घसरत गेला. एक चाक मातींत खोल चर पाडीत होतें आणि दुसरें वीतभर अधांतरीं होतें. धुरकऱ्यानें आपला सारा भार झटकन् उचललेल्या चाकाकडे टाकला, कासरा किंचित् सैल केला, आणि छकडा सरळ झाला. आमच्यांतला मोटारींचा वेडा सोबती ओरडला, "गुरुजी, हेंच तें! हेंच ड्रिफ्टिंग!"

गुरुजींनीं तो धागा सोडला नाहीं. संध्याकाळीं अंगणांत तणसाच्या ढिगाला टेकून बसलों असतां त्यांनीं आमचा वर्गच भरविला. चाक कितीहि वेगानें फिरत असो, त्याचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो त्या क्षणापुरता जमिनीशीं स्थिर असतो, म्हणून रस्त्याची पकड घट्ट राहते. चाक एकदां घसरूं लागलें कीं घर्षण उणावतें आणि गाडी आपल्या मूळच्या दिशेनें वाहूं लागते. पावसाळ्यांत मोटारसायकली पडतात त्या ह्याच कारणानें. ड्रिफ्टिंग करणारा चालक मागच्या चाकांची ही पकड जाणूनबुजून सोडतो. गाडीचा मागचा भाग बाहेर फेंकला जातो, तेव्हां तो सुकाणूचें चाक वळणाच्या उलट बाजूस फिरवितो आणि इंजिनाची शक्ति कमीअधिक करून गाडी त्या तिरक्या स्थितींतच तोलून धरतो. ह्या खेळांत घड्याळाला फारसें महत्त्व नाहीं. गाडी ठरलेल्या रेषेवरून गेली कीं नाहीं, किती कोनांत घसरली, आणि तोल कसा राखला, ह्यावर परीक्षक गुण देतात.

ही विद्या जपानांत वाढली. 1970 नंतरच्या दशकांत कुनिमित्सु ताकाहाशी ह्या शर्यतपटूनें ती धांवपट्टीवर गाजविली, आणि त्याला पाहून केइची त्सुचिया ह्या तरुणानें डोंगरांतील वळणांच्या रस्त्यांवर तिचा अभ्यास केला. तेच रस्ते गांवकऱ्यांचे, भाजीवाल्यांचे, शाळेच्या मुलांचेहि होते. म्हणून पुढें हा खेळ बंदिस्त पट्ट्यांवर आणला गेला. 2001 पासून जपानांत 'डी वन ग्रां प्री' आणि 2004 पासून अमेरिकेंत 'फॉर्म्युला ड्रिफ्ट' ह्या स्पर्धामालिका रीतसर भरूं लागल्या, आणि त्सुचिया स्वतः परीक्षकाच्या जागीं बसला. डिसेंबर 2017 मध्यें अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना प्रांतांत बीएमडब्ल्यू कंपनीच्या एका मोटारीनें ओल्या पट्टीवर आठ तास घसरत 374 किलोमीटर अंतर काटलें. पेट्रोलसुद्धां शेजारून तशाच घसरत येणाऱ्या दुसऱ्या मोटारींतून भरलें गेलें. "एवढें सारें साधलें तें कशामुळें?" गुरुजींनीं विचारलें, आणि उत्तरहि त्यांनींच दिलें. "चुकलें तर थांबावयास मोकळी जागा होती, आणि वाटेंत दुसरा कोणी नव्हता. आमच्या घाटांत नि जंगलांत वळणापलीकडे सागाचें झाड असतें, नाहीं तर दिवा नसलेली बैलगाडी."

मामाजींचा मुलगा दाराशीं उभा राहून हें ऐकत होता. तो आमच्याहून दोन-तीन वर्षांनीं मोठा. मित्रांच्या मोटारसायकली मागून घेऊन त्या हमरस्त्यावर घसरविण्यांत त्याचा हात धरणारा गांवांत कोणी नाहीं, असें आम्हीं दुपारींच ऐकलें होतें. तो हंसला, पण कांहीं बोलला नाहीं.

रात्रीं गांवांत नाटक होतें. पट आणि नाटक ह्यांची जोडी आमच्या झाडीपट्टींत फार जुनी आहे. दूरदूरचे पाहुणे रात्रीं परत जाऊं शकत नाहींत, म्हणून त्यांच्या मनोरंजनासाठीं मंडप पडतो. वडसा हें तर ह्या नाटकमंडळ्यांचें माहेरघरच. गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत डॉ. परशुराम खुणे ह्यांस 2023 सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां ह्या रंगभूमीचें नांव दिल्लीपर्यंत गेलें. कडाक्याच्या थंडींत, घोंगड्या पांघरून, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सारा गांव पहांटेपर्यंत बसला होता.

रविवारीं खरा कसोटीचा दिवस उजाडला. मामाजींच्या जोडीनें दुपारपर्यंतच्या सर्व धांवा जिंकल्या होत्या. शेवटची धांव उरली होती आणि तिचें बक्षीस होतें एक नवी मोटारसायकल. मंडपासमोर हार घालून ती उभी केली होती. मुलाला महाविद्यालयांत जाण्यासाठीं रोज पांच किलोमीटर पायीं चालून बस गांठावी लागते. एक बस चुकली कीं दिवस बुडतो. त्या गाडीकडे तो कसा पाहत होता, तें आम्हीं पाहिलें.

जोडी पट्टीकडे नेतांना मामाजी एकाएकीं थांबले. करडा बैल पुढचा उजवा पाय किंचित् अलगद टेकीत होता. पशुवैद्यांस बोलाविलें. त्यांनीं खूर पाहिलें, दाबलें, आणि सांगितलें कीं इजा किरकोळ आहे. तरी धांवविणें किंवा न धांवविणें मालकाच्या इच्छेवर नको, ह्या धांवेला विश्रांति द्यावी हेंच बरें. त्यावर गर्दींतून सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे, मोजक्या क्षणांचें तर काम आहे. कोणी म्हणे, डॉक्टरांना आणखी एकदां विनवा. मुलगा बापाच्या कानाशीं लागला. "बा, एकच धाव. मंग महिनाभर बसू दे त्याले."

मामाजींनीं वाद घातला नाहीं. जुवाची खीळ काढतां काढतां ते एवढेंच म्हणाले, "गाडीचं चाक घसरलं तं गाडीले दुखत नाई बापू. याले दुखते, अन् हा सांगू शकत नाई."

जोडी परत फिरली. ती मोटारसायकल शेजारच्या तालुक्यांतील एका शेतकऱ्यास मिळाली आणि त्याच्या मंडळींनीं गुलाल उधळला. मामाजींचा मुलगा त्या रात्रीं बापाशीं बोलला नाहीं, जेवलाहि नाहीं. पण हळद तापवून करड्या बैलाच्या पायाला लावावयास कोण बसलें होतें, असें कोणी विचारील तर तो तोच होता. आम्ही सोमवारीं पहांटे निघालों, तेव्हां तो नेहमींप्रमाणें वह्या घेऊन बसच्या वाटेला लागला होता. त्याचें दुःख खोटें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. बापाचा निर्णय योग्य होता आणि त्याची किंमत मुलानें दिली, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत.

परतीच्या प्रवासांत आमच्यांत पुष्कळ चर्चा झाली. एक सोबती म्हणाला कीं मग मोटारच बरी, तिला जीव नसतो. दुसरा म्हणाला कीं मोटारीला नसला तरी तिच्यासमोर येणाऱ्याला असतो. आम्हांस वाटतें, दोघांचेंहि म्हणणें एकाच ठिकाणीं येऊन मिळतें. वेगांत स्वतः कांहीं पाप नाहीं. जपानांतील डोंगरांवरून तो पट्टीवर आला तेव्हां त्याची कला झाली; आमच्या बांध्यांतील पट नियमांत आला तेव्हां न्यायालयानेंहि त्यास वाट दिली. मात्र नियमाची पट्टी जेथें संपते तेथें मनुष्याच्या मनाची पट्टी सुरू होते, आणि तिच्यावर जिल्हाधिकारी किंवा पंच उभे नसतात. तेथें थांबावयाचें कीं पुढें जावयाचें हें ज्याच्या हातीं कासरा आहे त्यानेंच ठरवावें लागतें.

पुढील वर्षीं आम्हांपैकीं कांहींजण शाळा सोडून जातील आणि थोड्याच काळांत कोणाच्या हातीं मोटारसायकलीची, कोणाच्या हातीं मोटारीची किल्ली येईल. आमच्या पालकांस एवढेंच विनवावयाचें आहे कीं आमच्या वेगाच्या आवडीवर रागावूं नये. ती आम्हांस तुमच्याकडूनच मिळाली आहे. आणि आमच्या धाकट्या बंधुभगिनींस सांगावयाचें तें हें कीं, धांवण्याची जागा जशी टणक लागते तशी थांबण्याची जागाहि आधींच करून ठेवावी लागते. वैनगंगेकांठच्या शेतकऱ्यास हें ठाऊक आहे. पुस्तक वाचून त्यानें तें मिळविलेलें नाहीं.