वर्गाबाहेरचे तास

परदेशात राहून तिथल्या शिक्षकांना मदत करणारा स्वयंसेवक दिवसभर नेमके काय करतो, याचे एक सरळसोट चित्र आपल्या मनात असते. तो वर्गात मागे बसतो, वहीत नोंदी करतो, तास संपल्यावर शिक्षिकेला दोन सूचना देतो आणि घरी जातो. पाणी भरणे, बाजार, शेजार, स्थानिक भाषेशी झटापट हे सगळे त्याचे खासगी आयुष्य, कामाशी त्याचा संबंध नाही, असे आपण धरून चालतो. शिक्षकांचे शिक्षण हा माझा अभ्यासाचा विषय आहे आणि ही विभागणी मला मुळातच चुकीची वाटते. असा मार्गदर्शक, म्हणजे मेंटॉर, जिथे आणि जसा राहतो, त्यावरच वर्गातल्या त्याच्या शब्दाला किंमत येते की नाही, हे ठरते. रवांडाचे उदाहरण यासाठी मला सर्वांत बोलके वाटते.

ऑक्टोबर २००८ मध्ये रवांडाच्या मंत्रिमंडळाने शिक्षणाचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करण्याचा निर्णय घेतला आणि २००९ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. देश २००७ मध्येच इंग्रजीत व्यवहार करणाऱ्या पूर्व आफ्रिकी समुदायात सामील झाला होता, त्यामुळे व्यापार आणि राजकारण या दोन्ही अंगांनी निर्णयामागची कारणे समजण्यासारखी आहेत. पण प्राथमिक शाळेतल्या बहुतेक शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण फ्रेंचमधून झालेले, आणि शिक्षक असोत वा मुले, घरी सगळेच किन्यारवांडा बोलणारे. पुढे २०११ मध्ये पहिल्या तीन इयत्तांना किन्यारवांडा परत मिळाली, आणि २०१९ च्या अखेरीस त्याही इयत्ता इंग्रजीकडे नेण्याचे ठरले. अकरा वर्षांत तीन निर्णय. या काळात सुट्टीतले भाषावर्ग झाले, शाळांमध्ये मेंटॉर नेमले गेले, व्हीएसओसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे स्वयंसेवक जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन राहिले. त्यांच्यापुढची खरी अडचण इंग्रजी व्याकरणाची नव्हती. ज्या भाषेत शिकवायचे ती आपल्याला पुरती येत नाही, ही गोष्ट शिक्षिकेला रोज पन्नास-साठ मुलांसमोर झाकावी लागत होती. आणि जी गोष्ट माणूस झाकतो, तिच्यावर त्याला मदत करता येत नाही.

झाकण्याची रीत ठरलेली असते. शिक्षिका वाक्य म्हणते, शेवटचा शब्द सोडते, मुले तो एका सुरात पूर्ण करतात. समजले का, असे विचारले की होकारही एका सुरात येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू मुलांच्या वर्गांचा अभ्यास करताना कीथ चिक यांनी १९९६ मध्ये अशा संवादाला ‘सुरक्षित बोलणे’ असे नाव दिले. शिक्षक आणि मुले मिळून एकमेकांची अब्रू राखतात, शिकणे मात्र फारसे होत नाही. आता अशा वर्गात हातात निरीक्षणाचा तक्ता घेऊन कोणी परका येऊन बसला, तर काय होईल? झाकण आणखी घट्ट बसेल. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत साहेब येणार म्हटले की फळ्यावरचे सुविचार बदलतात आणि शेरेबुक टेबलावर येते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. तपासनीस आणि मेंटॉर यांच्यातला फरक कागदावर कितीही स्पष्ट लिहिला, तरी शिक्षिकेला तो अनुभवातूनच पटतो. त्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ शाळेच्या वेळापत्रकात नसतो.

खरोखरच नसतो. रवांडातल्या प्राथमिक शाळांच्या खालच्या वर्गांत दोन पाळ्यांची पद्धत आणली गेली. सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी, शिक्षिका बहुधा तीच. मधल्या वेळात तिला जेवायचे असते, वह्या पाहायच्या असतात. मार्च ते मे या मोठ्या पावसात पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागली की वर्गात बोललेले ऐकू येत नाही, फळ्यावरचे उतरवून घेण्यापलीकडे काही करता येत नाही. मग पाठावर बोलायचे कधी? शाळा सुटल्यावर, टेकडी उतरताना. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी देशभर ‘उमुगांडा’ हे सामूहिक श्रमदान चालते, तिथे शेजारी उभे राहून माती ओढताना. तांदळाचे रिकामे पोते उसवून, धुऊन, त्यावर रंगाने तक्ता काढताना. हे पोत्यांचे तक्ते तिथल्या स्वयंसेवकांच्या कामाची ओळखच झाले आहेत. पोते स्वस्त आणि टिकाऊ, शिवाय घडी घालून नेता येते, म्हणून त्यांचे कौतुक होते. मला त्यांचे मोल वेगळ्या कारणासाठी वाटते. दोघे एका कापडावर वाकलेले असताना कोण शिकवतो आणि कोण शिकतो, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला राहतो, आणि शिक्षिका एखादा इंग्रजी शब्द न लाजता विचारू शकते. त्याच वेळी मेंटॉर तिला किन्यारवांडा शब्द विचारत असला, तर देवाणघेवाण बरोबरीची होते. मेंटॉरने किन्यारवांडा शिकणे ही तिथल्या लोकांना खूश करण्याची बाब नाही. भाषा न येण्याची लाज काय असते, हे रोज बाजारात स्वतः भोगल्याशिवाय तो शिक्षिकेची लाज समजू शकत नाही.

हे सारे भावनेचे बोल वाटू नयेत म्हणून मोजमापाकडे वळतो. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात सेत्स्वाना भाषेच्या वाचनावर एक मोठा प्रयोग झाला. शाळांच्या दोन गटांना पाठांच्या सारख्याच टाचणवह्या आणि सारखीच वाचनपुस्तके दिली. एका गटातले शिक्षक वर्षातून दोनदा, दोन-दोन दिवस मध्यवर्ती ठिकाणी प्रशिक्षणाला गेले, दुसऱ्या गटात प्रशिक्षक नियमितपणे वर्गात येत राहिला. दोन वर्षांनी मुलांच्या वाचनातली वाढ दुसऱ्या गटात पहिल्याच्या सुमारे दुप्पट दिसली. साहित्य तेच असल्यामुळे फरक पडला तो माणसाच्या येण्याने.

यावर आजचा पहिला आक्षेप असा, की माणूस पाठवायचा कशाला, फोन आहे, टॅब आहे. याचेही उत्तर त्याच देशात मिळते. म्पुमालांगा प्रांतात तीन वर्षे प्रत्यक्ष येणाऱ्या आणि टॅबवरून बोलणाऱ्या प्रशिक्षकांची तुलना झाली. प्रत्यक्ष भेटींनी मुलांचे इंग्रजी बोलणे आणि वाचणे दोन्ही सुधारले. टॅबवरच्या मार्गदर्शनाने बोलणे थोडे सुधारले, वाचन नाही, आणि घरच्या भाषेतले वाचन-लेखन तर मागे पडले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या प्रयोगांतले प्रशिक्षक पगारी होते, परदेशी स्वयंसेवक नव्हते. मग परक्याने जावेच का? गोरा किंवा भारतीय माणूस येऊन आफ्रिकी शिक्षकाला शिकवणार, यात जुन्या साम्राज्याचा वास नाही का? आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. त्याच भागातला, तीच भाषा बोलणारा अनुभवी शिक्षक मेंटॉर म्हणून मिळत असेल, तर परक्याची गरज नाही. परक्याचे काम असा शिक्षक तयार होईपर्यंतचे, त्याच्या शेजारी उभे राहण्याचे. व्हीएसओसारख्या संस्था स्वयंसेवकाला पगाराऐवजी स्थानिक पातळीवरचा निर्वाहभत्ता देतात. तो अपुरा वाटला तरी मला योग्य वाटतो, कारण त्यामुळे मेंटॉरला शिक्षिकेच्याच बाजारात, तिच्याच भावात भाजी घ्यावी लागते. गाडी आणि कुंपणाचा बंगला मिळाला की तो पुन्हा साहेब होतो.

तिसरा आक्षेप मुदतीचा: दोन वर्षांनी हा निघून जाणार. खरे आहे. पण दोन वर्षांत एखाद्या शाळेतल्या शिक्षिका एकमेकींच्या वर्गात जाऊन बसू लागल्या, तर निघून जाणे परवडते. न परवडणारी गोष्ट म्हणजे सहा आठवड्यांची उत्साही भेट. तिच्यात भाषा येत नाही, पावसाळा दिसत नाही, आणि शिक्षिका झाकलेले उघडत नाही.

महाराष्ट्रातून अनेक निवृत्त शिक्षक आज अशा कामाचा विचार करतात. त्यांच्यापाशी दोन पाळ्यांचा, गळक्या छपरांचा, माध्यम बदललेल्या वर्गांचा अनुभव आहे, आणि तो तिथे मोलाचा ठरेल. त्यांना माझी एकच विनंती आहे: जायचे तर दोन वर्षांसाठी जा, आणि पहिले तीन महिने कोणालाही सूचना न देता फक्त भाषा शिका.