मळी आणि माप

आमच्या मॉरिशसमधील शाळेत 200 लिटर खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी आहे. तीत आठ मासे व काही मृदू प्रवाळ ठेवले, तेव्हा मी एक प्रोटीन स्किमर आणला. त्याच्या नळकांड्यातून हवेचे बारीक बुडबुडे वर चढतात, पाण्यात विरघळलेली प्रथिने त्यांस चिकटतात आणि तपकिरी फेस वरच्या प्याल्यात साचतो. हा मळ पाण्यातच कुजला, तर त्यापासून अमोनिया व पुढे नायट्रेट होते.

खोक्यावर ‘200 लिटर’ वाचून मी निश्चिंत झालो. परंतु मासे भरविण्याची हौस प्रत्येक मुलास! प्याला रोज भरून वाही, तरी नायट्रेट चढतच गेले आणि शेवाळाखाली दोन प्रवाळ मेले. मुले रडली. धास्तावून मी 1000 लिटरचा स्किमर आणला. तर त्याच्या रुंद नळकांड्यात फेस धरेचना, प्याला कोरडाच!

पणजोबा साखर कारखान्यात उकळत्या रसावरची मळी झाऱ्याने काढीत, असे आजी सांगे. काहील तीच, पण मळी अधिक आली की हात अधिक चालवावा लागे. ते आठवले आणि चूक उमगली.

आता 400 लिटरचा स्किमर आहे. मासे भरविण्याची पाळी वहीत लिहिली जाते, दिवसातून एकदाच, चिमूटभर. वाचकहो, काच मोजणे सोपे असते. तोंडे मोजणे हे तर शिक्षकाचे काम. नेमके तेच मी विसरलो होतो.