कडुगन्नावाच्या घाटाखाली

कोलंबोहून कँडीला रेल्वेने जा, असं मला भेटलेल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. आम्ही निघालो ते मॉरिस मायनरने. गाडीचे मालक सत्तरीचे. मी त्यांना अंकल म्हणायचो, श्रीलंकेतली तरुण मंडळीही वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. फिकट निळी, अखंड काचेची ही मॉरिस १००० त्यांच्या वडिलांनी घेतलेली आणि आजही रोजच्या वापरात. तिथे याचं कुणाला नवल वाटत नाही. १९७७मध्ये अर्थव्यवस्था खुली होईपर्यंत त्या देशात बाहेरून गाडी आणणं फार कठीण होतं, त्यामुळे दारात उभी होती तीच जपावी लागली. जपता जपता जीव जडला, आणि हातांना कसबही आलं. पुढे तर इंग्लंडातल्या बाथ गावच्या मॉरिस मायनर सेंटरसाठी सुटे भाग श्रीलंकेत बनू लागले. मूळ गाडी ऑक्सफर्डजवळच्या काउलीची, अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली, १९४८ सालची. दहा लाखांचा आकडा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार.

वाटेतल्या कडवत गावच्या गर्दीतच खोट लक्षात आली. सिग्नलला थांबलो, अंकलनी क्लच पार खाली दाबला, तरी पहिला गिअर पडताना कर्रकन आवाज झाला आणि गाडी ब्रेक झुगारून पुढे सरकू लागली. मॉरिसच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो. गाडी उभी असताना तो ओरडला, तर क्लच पुरता सुटत नाही असं समजावं. कोलंबोतल्या एका गॅरेजने त्यांना प्लेट गेली म्हणून सांगितलं होतं. प्लेट बदलायची म्हणजे इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवणं आलं, आणि खर्चाच्या धास्तीने अंकल महिनोन्‌महिने तसेच चालवत होते.

मला ते निदान पटेना. माझं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलंय. प्लेट झिजली की क्लच घसरतो: चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी रेंगाळते. इथे उलटं होतं. पस्यालाच्या पुढच्या चढावर गाडी दमदार चालली, इंजिनचा आवाज आणि वेग एकमेकांना धरून होते. म्हणजे पकड शाबूत होती, अडत होतं ते सुटणं. पाय पुरेसं दाबत होता, पण दाब वाटेत कुठेतरी हरवत होता.

पस्यालाला रस्त्याकडेला काजू विकणाऱ्या बायकांची रांग लागते. वरकापोळ्याला तलगुळी घेतली. तीळ आणि गुळाची ही मिठाई खाताना संक्रांत आठवणार नाही असा मराठी माणूस विरळा. केगल्ल मागे पडलं. पुढे कडुगन्नावाचा घाट होता आणि अशा क्लचवर त्या वळणांत अडकून पडायला मी तयार नव्हतो. मावनेल्लाला एक लहानसं गॅरेज दिसलं. लेथ आणि वेल्डिंगचा सेट दारातूनच दिसत होता, एवढं मला पुरे होतं.

तिथले मिस्त्री, म्हणजे बास, अंकलच्याच वयाचे. त्यांनी इंजिनला हातही लावला नाही. गॅरेजातल्या पोराला पेडल हाताने हळूहळू दाबायला बसवलं, स्वतः खाली सरकले आणि मलाही बोलावलं. ते दृश्य मी विसरणार नाही. मॉरिसचं पेडल फरशीतून वर आलेलं असतं. त्याची हालचाल एका रॉडने आडव्या शाफ्टला मिळते आणि शाफ्टवरचा दुसरा लिव्हर आणखी एका रॉडने क्लचच्या फोर्कला ओढतो. पोराने पेडल दाबायला सुरुवात केली. पेडल निघालं, रॉड जागच्या जागी. पिन आधी भोकात सरकली, मग रॉड हलला. शाफ्ट फिरण्याआधी आपल्या बुशात तिरका झाला. त्यानंतर दुसरी पिन, मग दुसरा रॉड. फोर्क हलायला लागेतो पेडल अर्ध्यावर आलेलं.

बासनी स्प्लिट पिना काढून सगळं बाकावर मांडलं. अडीच सुताची पिन मधोमध इतकी खाल्लेली होती की नखाला खाच लागत होती. लिव्हरचं गोल भोक लांबट झालेलं. शाफ्टचं एक टोक चासीत बसतं आणि दुसरं इंजिनच्या बाजूला. इंजिन रबरांवर डुलतं, तेव्हा तो सगळा हिसका बुशांना सोसावा लागतो. दोन्ही बुश ढिले होते. एकेका सांध्यात झीज अर्धा-पाऊण मिलिमीटर, पण फोर्कपाशी हरवलेला अर्धा मिलिमीटर पायाशी कित्येक पटींनी जाणवतो.

सर्वात वाईट वाटलं ते अ‍ॅडजस्टिंग नट पाहून. रॉडचे आटे संपेपर्यंत तो आवळत नेलेला होता. दर वेळी कुणीतरी नट फिरवून गाडी हातावेगळी केली होती. मॉरिसचं रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं. नट जास्त आवळून पेडलमधला मोकळा खेळ मारला, की ते सतत घासत राहतं आणि लवकर संपतं. मग खरोखरच गिअरबॉक्स उतरवावा लागतो. झीज जिथे आहे तिथेच भरायला हवी, हे मी आमच्या पोरांना रोज सांगतो. माझी भाषा न येणारा एक माणूस तेच हाताने करून दाखवत होता, याचा मला मनापासून आनंद झाला.

लांबट भोकं वेल्डिंगने भरून त्यांनी नव्याने पाडली. बुश मी कातले, परवानगी मागितल्यावर बासनी हसून लेथ माझ्या हवाली केला. पिना नव्या केल्या, इंजिनचा पुढे-मागे झोल रोखणारी तार ताणली, रिटर्न स्प्रिंग बदलली. तेवढ्यात पाऊस आला आणि बिनदुधाचा चहा आला, सोबत कितुलच्या गुळाचा खडा. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेर्ली माड. शेवटी नट बराच मागे आणून पेडलला हवा तेवढा मोकळा खेळ ठेवला. गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. कसलाही आवाज नाही. अंकल काही बोलले नाहीत. त्यांनी रिव्हर्स टाकून पाहिला, पुन्हा पहिला, पुन्हा रिव्हर्स.

संध्याकाळी घाट चढलो. डावी-उजवी वळणं, समोरून लाल बसगाड्या, मागे दूरवर बतलेगलचा सपाट माथ्याचा डोंगर. घाटमाथ्यावर कॅप्टन डॉसन यांच्या स्मरणार्थ उभारलेला मनोरा आहे. १८२०च्या दशकात हा रस्ता बांधण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मनोऱ्यापाशी आम्ही मुद्दाम चढावरच थांबलो आणि चढावरूनच निघालो. गाडी जराही हिसकली नाही.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माझी विनंती आहे. गिअर ओरडतो, पण क्लच घसरत नाही, अशी तक्रार असेल तर सांधे बघण्याआधी कुणालाही इंजिन उतरवू देऊ नका. इंजिन बंद करा, चाकांना ओट लावा, एकाला पेडल दाबायला बसवा आणि टॉर्च घेऊन स्वतः खालून एकेक सांधा बघा. अ‍ॅडजस्टिंग नट आट्यांच्या शेवटाला गेलेला दिसला, तर त्याला हात न लावता आधी पिना आणि बुश बदला.